शोथ एक, मुळे दोन : हृदय, यकृत् आणि ‘प्रतिकारशक्ती’चा बाजार

हृदयाच्या अशक्तीचे रुग्ण तपासणारा चिकित्सक निराळा आणि यकृताच्या रोगांतील प्रतिकारपेशींवर प्रयोगशाळेत काम करणारा संशोधक निराळा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आधुनिक वैद्यकाने अवयवागणिक तज्ज्ञ निर्माण केले आणि त्या तज्ज्ञांभोवती भिंती उभ्या राहिल्या, ही टीका आपल्या वर्गात अनेक वर्षे होत आली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. तथापि अलीकडे विद्यापीठांशी संलग्न रुग्णालयांतून ही दोन्ही कामे एकच व्यक्ती करीत असल्याचे दिसू लागले आहे. सकाळी पायांवरची सूज आणि धाप घेऊन आलेला हृदयाचा रुग्ण तपासावा आणि दुपारी सिऱ्हॉसिस झालेल्या यकृतातील भक्षकपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात, असा हा व्यवसाय. या संयोगाची दखल आपल्या त्रैमासिकातून घेतली जावी, असे आम्हांस वाटते. त्यात आपला गौरव शोधण्यासाठी नव्हे, तर त्यातून आपल्यापुढे उभा राहणारा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही म्हणून.

आयुर्वेदाच्या अभ्यासकाला या संयोगाचे नवल वाटण्याचे कारण नाही. रसवह स्रोतसांचे मूळ हृदय आणि रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत् व प्लीहा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. हृदयातून निघालेला रस यकृत्-प्लीहेच्या ठिकाणी रंजित होऊन रक्त होतो, अशी आपल्या शास्त्राची मांडणी आहे. शोथ, उदर, कामला, हृद्रोग ही प्रकरणे संहितांत वेगवेगळी असली तरी त्यांचे निदान एकमेकांत गुंतलेले आहे. म्हणजे अवयवांची सांगड घालण्याची दृष्टी आपल्याकडे मुळातच आहे. प्रश्न असा, की ती दृष्टी आज आपल्या दवाखान्यात आणि औषधालयाच्या फळीवर कितपत शिल्लक आहे? फळीवर ‘लिव्हर टॉनिक’ एका खणात, ‘हृदयासाठी’ दुसऱ्या खणात आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ गल्ल्याजवळ, अशी मांडणी ज्या दुकानात आहे, तेथे अवयवांच्या भिंती कोणी उभ्या केल्या?

प्रथम शरीरातील वस्तुस्थिती पाहू. प्रौढ माणसाचे यकृत् सुमारे दीड किलो वजनाचे. विश्रांतीच्या अवस्थेत हृदय जितके रक्त बाहेर टाकते त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा या एका अवयवाकडे जातो. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून प्रतिहारिणी शिरेमार्गे येते. यकृतातून निघालेले रक्त थेट हृदयाच्या उजव्या बाजूकडे परतते. साहजिकच हृदयाची उजवी बाजू थकली की तिच्यामागे साचणाऱ्या रक्ताचा पहिला भार यकृतावर पडतो. ते फुगते, दुखते, रक्तातील बिलिरुबिन थोडे वाढते, अल्कलाइन फॉस्फटेज व गॅमा जी. टी. वाढतात आणि पुढे पोटातही पाणी साचू शकते. असे यकृत् कापून पाहिले असता जायफळाच्या कापासारखे चित्रविचित्र दिसते, म्हणून विकृतिशास्त्रात त्याला जायफळाचेच नाव मिळाले आहे. हृदय अनेक वर्षे दुर्बल राहिल्यास तेथे तंतुमय व्रणवस्तू तयार होते. अशा रुग्णाचा रोग हृदयात असतो, परंतु तपासणीच्या कागदावर उमटलेले असते ते यकृत्.

असा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा रक्ततपासणीचा कागद हातात घेऊनच येतो. ‘लिव्हर वाढलंय, काहीतरी चांगलं द्या,’ असे तो सांगतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला आरोग्यवर्धिनी, कुटकीचा एखादा कल्प अथवा एखादे तयार सरबत मिळते. मानेतील शिरा फुगल्या आहेत का, उताणे झोपल्यावर धाप लागते का, रात्री दम कोंडून उठून बसावे लागते का, सूज आधी पायांवर आली की आधी पोट वाढले, यांतील एकही प्रश्न विचारला जात नाही. वास्तविक सुजेचा हा क्रमच पुष्कळ काही सांगून जातो. हृदयाच्या रोगात बहुधा पाय आधी सुजतात आणि धाप बरोबर असते. यकृताच्या जीर्ण रोगात बहुधा पोट आधी वाढते. या नियमाला अपवाद आहेत, म्हणूनच ई. सी. जी., हृदयाची सोनोग्राफी, पोटाची सोनोग्राफी, अल्ब्युमिन आणि शक्य तेथे एन. टी. प्रोबीएनपी ही रक्ततपासणी यांचा आधार घ्यावा लागतो. शोथाचे मूळ न शोधता केलेली चिकित्सा ही आपल्याच शास्त्राच्या निदानपंचकाची उपेक्षा होय. तीत वाया जाणारे महिने रुग्णाचे असतात, वैद्याचे नव्हेत.

आता प्रतिकारपेशींकडे वळू. यकृतातील विशिष्ट पेशींचे पहिले वर्णन कार्ल विल्हेम फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये केले आणि त्या भक्षकपेशी आहेत हे टादेउश ब्रोविच यांनी १८९८ मध्ये दाखविले. शरीरातील ठिकठिकाणच्या स्थायी भक्षकपेशींपैकी बहुसंख्य यकृतातच असतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्तात जिवाणूंचे अंश असतात, ते गाळण्याचे काम त्या अहोरात्र करतात. या पेशी ‘चांगल्या’ की ‘वाईट’? या प्रश्नाचे मार्मिक उत्तर एडिनबरोच्या संशोधकांनी २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगाने दिले. यकृताला इजा होत असताना भक्षकपेशी काढून टाकल्या तर व्रणवस्तू कमी झाली. इजा थांबून यकृत् सावरत असताना त्याच पेशी काढून टाकल्या तर व्रणवस्तू विरघळेनाशी झाली. म्हणजे एकच पेशीसमूह एका अवस्थेत व्रण वाढवितो आणि दुसऱ्या अवस्थेत तो भरून काढतो. त्याच शहरातील संशोधकांनी २०१९ मध्ये मानवी सिऱ्हॉसिसमधील एकेक पेशी तपासून व्रणवस्तूच्या ठिकाणी जमणारा भक्षकपेशींचा एक विशिष्ट गटही ओळखला. अवस्थेनुसार चिकित्सा बदलते, हे सूत्र आपल्याला नवे नाही. आम आणि निराम अवस्थेत एकच द्रव्य निरनिराळे फळ देते हे आपण शिकवितो. मग ‘प्रतिकारशक्ती वाढविणारे’ असे सरसकट लेबल कोणत्या अवस्थेसाठी लावले जाते?

हृदयाच्या बाजूनेही हाच धडा मिळतो. १९९० मध्ये असे आढळले, की हृदयाच्या अशक्तीने खंगलेल्या रुग्णांच्या रक्तात टी. एन. एफ. हा दाह वाढविणारा घटक अधिक असतो. तर्क सरळ होता : हा घटक अडवावा, हृदय सुधारेल. त्यानुसार इन्फ्लिक्सिमॅब हे औषध १५० रुग्णांवर पारखले गेले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अधिक मात्रा घेणाऱ्यांत मृत्यू व रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण उलट वाढले. यकृताच्या बाबतीत, मद्यजन्य तीव्र यकृत्‌शोथात प्रतिकाराचा उद्रेक दाबण्यासाठी स्टिरॉइड देण्याची प्रथा होती. ब्रिटनमधील १,१०३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू निःसंशय कमी होतात असे सिद्ध झाले नाही. गंभीर जंतुसंसर्ग मात्र स्टिरॉइड घेणाऱ्यांत १३ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७ टक्के आढळला. जीर्ण सिऱ्हॉसिसमध्ये तर दाह धुमसत असतो आणि त्याच शरीराची जंतूंशी लढण्याची शक्ती ढासळलेली असते. अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती वाढवावी की दाबावी, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

हृदय, आतडे, यकृत् आणि प्लीहा यांना जोडणारे दुवेही हळूहळू उलगडत आहेत. हृदयाच्या अशक्तीत आतड्याची भित्तिका सुजते व जिवाणूंचे विषारी अंश रक्तात शिरतात, याला पुष्टी देणारी निरीक्षणे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सूज असलेल्या रुग्णांच्या रक्तात हे अंश अधिक आढळले होते. बॉस्टन येथे उंदरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले, की प्लीहेत मोनोसाइट पेशींचा मोठा साठा असतो आणि हृदयाला इजा झाली की तो तिकडे धाव घेतो. हे वाचताना आपल्या वाचकांना आमाची आणि रक्तवह स्रोतसांतील प्लीहेच्या स्थानाची आठवण होईल. ती होणे स्वाभाविक आहे. परंतु आठवण म्हणजे पुरावा नव्हे. साम्य दिसले की ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून ग्रंथ मिटण्याची सवय आपल्या वर्गात बळावली आहे. साम्य हा संशोधनाचा आरंभ असू शकतो, शेवट नव्हे.

आपल्या शास्त्रातील व्याधिक्षमत्वाची कल्पनाही बाजारातील ‘इम्युनिटी’हून फार वेगळी आहे. चक्रपाणींनी तिचे विवरण करताना दोन अंगे सांगितली : रोगाच्या बळाला विरोध आणि रोगाच्या उत्पत्तीला प्रतिबंध. सर्व शरीरे सारखी व्याधिक्षम नसतात, हे चरकाचे म्हणणेच तिच्या मुळाशी आहे. रसायन द्यावयाचे तर आधी शोधन, मग वय, अग्नी, प्रकृती, काल यांचा विचार, असा क्रम घालून दिला आहे. निरोगी माणसाने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने रोज काढा पिणे, हे रसायन कोणत्या स्थानात सांगितले आहे ते आम्हांस आढळलेले नाही.

ही गोष्ट केवळ तात्त्विक नाही. करोनाच्या साथीत गुळवेलीचा वापर घरोघरी सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृत्‌तज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतील अशा ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांतील बऱ्याच रुग्णांत शरीराच्या प्रतिकारपेशीच स्वतःच्या यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. सुप्त असलेला स्वयंप्रतिकारजन्य यकृत्‌शोथ यामुळे उघड झाला असावा, असे त्या अभ्यासकांचे मत आहे. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये त्यावर हरकत घेतली आणि वनस्पतीची ओळख पटविलेली नव्हती, ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, असे म्हटले. ही हरकत शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. काही रुग्णांच्या नोंदींवरून, लाखो लोकांनी शतकानुशतके वापरलेल्या द्रव्याला विषारी ठरविणे हा अतिरेक होईल, हेही आम्हांस मान्य आहे.

परंतु या हरकतीचा दुसरा अर्थ आपल्या औषधी-विक्रेत्यांनी व निर्मात्यांनी नीट समजून घ्यावा. गुळवेल म्हणून क्रिस्पा विकली गेली असेल, तर गुळवेल निर्दोष ठरते, पण पुरवठा करणारी साखळी दोषी ठरते. वाळलेल्या खोडाच्या तुकड्यांवरून नुसत्या डोळ्यांनी जातीची खात्री होणे कठीण असते. त्यासाठी सूक्ष्मदर्शकीय आणि टी. एल. सी. परीक्षण करून प्रत्येक घाण्याची नोंद ठेवावी लागते. अनुसूची ‘टी’ने २००० सालापासून उत्तम निर्मितिपद्धतीचे निकष घालून दिले आहेत. हे सारे केले असेल तर निर्माता आरोपाला कागदानिशी उत्तर देऊ शकतो. केले नसेल तर ‘ती दुसरी वेल असेल’ हे वाक्य बचाव न राहता कबुली होते.

येथे आमचे काही स्नेही दोन आक्षेप घेतील. पहिला असा, की आधुनिक औषधांनीही यकृत् बिघडते. पॅरासिटामॉलची अतिमात्रा तर प्राणघातक ठरते. हे खरे आहे. मात्र त्या औषधाची घातक मात्रा, इजेची रीत आणि त्यावरील उतारा आज ठाऊक आहे, याचे कारण कोणीतरी अपाय नोंदविले. दुसरा आक्षेप असा, की आपले शास्त्र समग्र आहे, त्याला पेशींच्या भाषेची गरज नाही. त्यावर आम्ही इंग्लंडमधील विल्यम विदरिंग यांचे उदाहरण देऊ. सर्वांगशोथावर एका ग्रामीण स्त्रीने जपलेला वीसहून अधिक वनस्पतींचा काढा त्यांच्या पाहण्यात आला. त्यांतील डिजिटॅलिस हे कार्यकारी द्रव्य त्यांनी ओळखले, आणि १७८५ मध्ये दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी, त्यांतील अपयश व विषबाधेसह, छापून प्रसिद्ध केल्या. परंपरेतील त्या वनस्पतीला वैद्यकात कायमचे स्थान मिळाले ते स्तुतीमुळे नव्हे, तर या नोंदींमुळे. पुनर्नवा, अर्जुन, कुटकी, भुईआवळी यांना तशी नोंद करणारे चिकित्सक हवे आहेत.

म्हणून काही गोष्टी आम्ही आग्रहाने सुचवितो. शोथ अथवा उदराचा रुग्ण हृदय व यकृत् या दोन्ही बाजूंनी तपासल्यावाचून कल्प लिहू नये. हृदयाच्या अशक्तीवर चालू असलेली औषधे, ज्यांनी आयुष्य वाढते असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे, ती अर्जुनाच्या भरवशावर बंद करावयास सांगू नये. स्पायरोनोलॅक्टोन हे एकच औषध हृदयाच्या अशक्तीत आणि यकृत्‌जन्य जलोदरात, दोन्हीकडे वापरले जाते. ते घेणाऱ्यास यवक्षारासारखे पोटॅशियमयुक्त क्षार दिल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. उलट यष्टीमधु दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व पाणी साचते. डिजॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात हे घातक ठरू शकते. लवणप्रधान चूर्णे दोन्ही रोगांत वर्ज्य मानावीत. मद्यजन्य यकृत्‌रोग्यास आसव-अरिष्ट देताना त्यांतील स्वयंजनित मद्यार्काचे भान ठेवावे; तेथे क्वाथ अथवा वटी हा पर्याय आपल्या हाती असतोच.

औषधालयांच्या मालकांनी गल्ल्यावर तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा : डोळे पिवळे आहेत का, पाय वा पोट सुजले आहे का, इतर कोणती औषधे चालू आहेत. पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास बाटली न देता रुग्णाला चिकित्सकाकडे पाठवावे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या अनुसूचीत हृदयरोग आणि सर्वांगशोथ या दोहोंचा समावेश आहे, हे फलक लावण्यापूर्वी आठवावे. आणि कोणत्याही कल्पानंतर कामला, कंडू अथवा अनाकलनीय अशक्तता दिसल्यास तो कल्प थांबवून त्याची नोंद औषधदक्षता केंद्राकडे करावी. २००८ मध्ये जामनगर येथून सुरू झालेल्या या राष्ट्रीय कार्यक्रमाचा समन्वय आज दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे आहे. अर्ज भरण्यास पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही. नोंद करणे म्हणजे शास्त्राशी द्रोह, ही समजूत आपल्या वर्गातून जाईल तो सुदिन.

हृदय पाहणारा चिकित्सक यकृताच्या पेशींपर्यंत गेला, कारण त्याच्या रुग्णाने त्याला तेथे नेले. रुग्ण अवयवांच्या सीमा पाळत नाही. आपल्या शास्त्राने त्या सीमा कधी मानल्या नाहीत, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान उद्याच्या बाह्यरुग्ण विभागात, सुजलेल्या पायांवर अंगठा दाबून झाल्यावर रुग्णाच्या मानेतील शिरेकडे आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे टाकलेल्या नजरेत दिसावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.